घरपोच वाचनपेटी: आठ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

मुलांसाठी दरमहा पुस्तकांची पेटी घरी पाठवणाऱ्या एका सेवेचे सभासदत्व आम्ही आठ महिन्यांपूर्वी घेतले. घरात दोन मुले आहेत. मुलगी सात वर्षांची. तिला अक्षरे येतात, पण स्वतः वाचायला बसली की तिसऱ्या ओळीला कंटाळते. मुलगा चार वर्षांचा. अक्षरांशी त्याला अजून काही देणेघेणे नाही, गोष्ट ऐकायला मात्र तो कधीही तयार असतो. सेवेचे नाव मी येथे देत नाही, कारण अशा पेट्या आता अनेक जण पुरवतात आणि त्यांची रचना बरीचशी सारखीच असते. त्यामुळे पुढचा मजकूर एका विशिष्ट पेटीची शिफारस किंवा निंदा म्हणून न वाचता, अशी कोणतीही पेटी घेण्याआधी काय पाहावे या दृष्टीने वाचावा.

प्रत्येक पेटीत चार पुस्तके येतात: एक शब्दविरहित चित्रपुस्तक, मुलाने स्वतः वाचण्यासाठी दोन पातळ पुस्तके, ज्यांच्या मुखपृष्ठावर पायरीचा क्रमांक छापलेला असतो, आणि मोठ्यांनी वाचून दाखवण्यासाठी एक जाडसर पुस्तक. सोबत पालकांसाठी छोटी पुस्तिका, प्रश्नांच्या पत्त्यांचा संच, भिंतीवर लावायचा नोंदतक्ता, त्यावर चिकटवायच्या चांदण्या, आणि पहिल्या पेटीत पंधरा मिनिटांचे एक वाळूचे घड्याळ. पुस्तकांच्या मलपृष्ठावरचा क्यूआर कोड फोनने टिपला की गोष्ट ऐकता येते. छपाई आणि बांधणीबद्दल तक्रार नाही. टाइप मोठा आहे, शब्दांमधले अंतर मोकळे आहे आणि वेलांट्या व मात्रा एकमेकींत घुसलेल्या नाहीत. बालपुस्तकांत एवढी काळजी नेहमी घेतलेली दिसत नाही.

पहिल्या आठवड्यात घड्याळानेच घोळ घातला. पुस्तिकेच्या सूचनेनुसार ते उलटे करून मुलासमोर ठेवायचे आणि वाळू संपेपर्यंत त्याने वाचायचे. मुलगी एक ओळ वाचायची, वाळूकडे पाहायची, पुन्हा एक ओळ वाचायची आणि जाहीर करायची, "आई, अजून निम्मीसुद्धा नाही झाली." गोष्टीतली मांजर विहिरीच्या कठड्यावर चढून बसली होती, पण मांजरीचे पुढे काय होणार यापेक्षा वाळूचे काय होणार याचीच तिला जास्त उत्सुकता होती. चौथ्या दिवशी मी घड्याळ कपाटात टाकले. काही आठवड्यांनी ते परत बाहेर आले, मात्र वेगळ्या कामासाठी. आता ते उलटे केले की माझा फोन दुसऱ्या खोलीत जातो आणि वाळू संपेपर्यंत तिकडेच राहतो. घड्याळ मुलीसमोर नव्हे, माझ्यासमोर असते. पुस्तिकेत हा उपयोग कुठेही सुचवलेला नाही.

पेटीचा मुख्य दावा पायऱ्यांचा आहे. एकूण सहा पायऱ्या आहेत आणि एका पानावर किती शब्द व एका वाक्यात किती शब्द, यावर त्या ठरवल्या आहेत. येथे माझा पहिला गंभीर आक्षेप आहे. बहुतेक पुस्तके भाषांतरित आहेत आणि पायरीचा क्रमांक मूळ भाषेतून तसाच उचलला आहे असे वाचताना जाणवते. मराठीत नुसते शब्द मोजून अवघडपणा कळत नाही. 'कपाटाच्या मागच्या बाजूला' हे तीन शब्द आहेत आणि 'कपाटामागे' हा एकच. शब्द मोजणाऱ्याच्या हिशेबी दुसरी रचना सोपी, पण नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला तिथे पाच अक्षरे एका दमात जोडावी लागतात आणि शेवटचे अक्षर येईपर्यंत पहिले विसरलेले असते. दुसऱ्या पायरीवरच्या एका पुस्तकात 'डोंगरापलीकडच्यांनी' असा शब्द आला. वाक्य तीनच शब्दांचे होते, म्हणून पायरी दुसरी. मुलगी 'डोंगरापलीकड'पर्यंत व्यवस्थित पोहोचली आणि 'च्यांनी'पाशी अशी थबकली, जणू पुढे रस्ताच खणून ठेवला आहे.

जोडाक्षरांचा विचार तर पायऱ्या ठरवताना झालेलाच नाही. देवनागरीतला एकटा 'र' घ्या. 'सूर्य'मध्ये तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये तिरकी रेघ होऊन पायाशी जातो, 'राष्ट्र'मध्ये ट-खाली आणखी वेगळा दिसतो आणि 'दऱ्या'मध्ये आडवा होतो. रफार उच्चारात आधी येतो, पण लिहिला जातो पुढच्या अक्षरावर. ऱ्हस्व वेलांटीचे नेमके उलट, ती व्यंजनाच्या अलीकडे काढतात आणि उच्चारतात नंतर. डावीकडून उजवीकडे सरळ सरकायला शिकलेल्या डोळ्याला दर दोन-तीन शब्दांमागे अशी मागे-पुढे उडी मारावी लागते. मोठ्यांना ती सवयीने जाणवतही नाही, आणि म्हणूनच "इतकं सोपं तर आहे" हे वाक्य आपल्या तोंडून सहज निघून जाते. पेटीतल्या पहिल्या पायरीच्याच एका पुस्तकात 'ऱ्या', 'र्य' आणि 'क्र' एकाच पानावर आहेत. त्या पानावर मुलीने 'दऱ्या' हा शब्द 'दर्या' असा वाचला, पुढे गेली, थांबली आणि विचारले, "डोंगरात समुद्र कसा काय आला?" दर्या म्हणजे समुद्र हे तिला मागच्या महिन्यातल्या, मी वाचून दाखवलेल्या पुस्तकामुळे ठाऊक होते. मला ती चूक फार आवडली. अक्षर निसटले होते, अर्थावरची पकड सुटली नव्हती, आणि त्या पकडीच्या जोरावरच ती मागे वळून अक्षर दुरुस्त करू शकली.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाची मांडणी एका गुणाकारात केली: लिपी उलगडता येणे गुणिले भाषा समजणे, म्हणजे वाचलेले समजणे. ही बेरीज नाही. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्यच. मराठीत याचा प्रत्यय दोन अक्षरांत येतो. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतल्या 'ज'चे उच्चार वेगळे आहेत, लेखन मात्र एकच आहे. कोणता 'ज' म्हणायचा हे अक्षर सांगत नाही, वाक्य सांगते. आणि तेही अशाच मुलाला, ज्याच्या कानावरून तसली वाक्ये आधी पुष्कळदा गेली आहेत. या गुणाकाराच्या कसोटीवर पाहिले तर ही पेटी लिपीच्या बाजूला कच्ची आणि भाषेच्या बाजूला पक्की आहे. जाहिरातीत मात्र सगळा भर पायऱ्यांवरच दिलेला असतो, म्हणजे नेमक्या कच्च्या बाजूवर.

पायरीवर विसंबून न राहता पुस्तक झेपते की नाही हे घरच्या घरी तपासता येते. अमेरिकी अभ्यासक एमेट बेट्स यांची १९४६ सालची ढोबळ मोजपट्टी आजही वापरली जाते: शंभर शब्दांत साधारण पंचाण्णव शब्द मुलाला जमत असतील तर कोणाच्या तरी सोबतीने वाचायला ते पुस्तक योग्य, नव्वदपेक्षा कमी जमत असतील तर ते छळ ठरते. एकाच पायरीच्या दोन पुस्तकांत माझ्या मुलीला एकदा सत्त्याण्णव शब्द जमले आणि एकदा शहाऐंशी. शहाऐंशीवाले पुस्तक तेव्हापासून मी वाचून दाखवते आणि तिला ते आवडते. ही मोजणी मुलाला कळू देऊ नये, एवढे पथ्य मात्र पाळावे.

पालकांच्या पुस्तिकेतले एक पान मी या पेटीतला सर्वांत मोलाचा भाग मानते. मूल अडखळले तर काय करावे, हे त्यात सांगितले आहे: आधी थांबा, मग इशारा द्या, मग नेमके कौतुक करा. ही पद्धत पुस्तिकाकारांची नाही. न्यूझीलंडमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस टेड ग्लिन, स्टुअर्ट मॅकनॉटन आणि व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी ती घरी मुलांना वाचायला मदत करणाऱ्या पालकांसाठीच बसवली होती. ऐकायला साधी वाटते, करून पाहिली की तिची अडचण कळते, कारण थांबायचे म्हणजे पाच सेकंद थांबायचे. मुलगी 'प्रश्न' या शब्दापाशी अडली आहे, तो शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आहे आणि मी मनात एक ते पाच मोजते आहे, हा अनुभव मी दुसऱ्या कशाशीही ताडून पाहू शकत नाही. पहिल्या महिन्यात तीनच्या पुढे मला एकदाही जाता आले नाही. मात्र ज्या दिवशी पाच पूर्ण झाले, त्या दिवशी तिने चौथ्या सेकंदाला शब्द स्वतः जुळवला होता. इशाऱ्याचेही तसेच आहे. "अक्षर नीट बघ" हा इशारा नव्हे, ती रागावण्याचीच एक सौम्य रीत आहे, "मागच्या पानावर तो काय शोधत होता?" हा इशारा आहे. आणि कौतुक म्हणजे "छान, छान" नव्हे, तर "तू मागे जाऊन पुन्हा वाचलंस, म्हणून जमलं" असे काय जमले ते सांगणारे. हे पान पुस्तिकेच्या अगदी शेवटी, पुढच्या पेटीच्या जाहिरातीशेजारी छापले आहे. ते मुखपृष्ठावर हवे होते.

प्रश्नांच्या पत्त्यांविषयी मत संमिश्र आहे. त्यांच्या मागची कल्पना ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या संवादी वाचनाच्या प्रयोगातून आलेली दिसते. त्यात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना, चित्रपुस्तक वाचताना मुलालाच जास्त बोलते करायला आणि त्याचे उत्तर थोडे वाढवून परत द्यायला शिकवले होते. महिनाभरातच त्या मुलांची भाषा, नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली. कल्पना उत्तमच आहे, पण पत्त्यांवरचे निम्म्याहून अधिक प्रश्न परीक्षेतले आहेत. "टोपी कोणत्या रंगाची आहे?" असे विचारणाऱ्याला उत्तर माहीत असते, मुलालाही ते माहीत असते, आणि विचारणाऱ्याला ते माहीत आहे हेही मुलाला माहीत असते. असे तीन प्रश्न ओळीने विचारले की चार वर्षांचे मूल पान उलटून मोकळे होते.

खरा प्रश्न कसा असतो, हे मला पत्त्यांनी नाही, माझ्या सासूबाईंनी दाखवले. त्यांची नजर आता अधू झाली आहे. बारीक टाइप तर सोडाच, मोठी चित्रेही त्यांना अंधुक दिसतात. पाचव्या पेटीत एक शब्दविरहित पुस्तक होते. एका शर्टाचे लाल बटण तुटते आणि घरंगळत पानापानांतून पुढे जाते, एवढीच त्याची गोष्ट. मुलगा ते घेऊन आजीजवळ बसला. आजी विचारत होत्या, "आता कुठं गेलं रे बटण?" आणि तो सांगत होता, कारण त्यांना ते खरोखरच दिसत नव्हते. "नुसतं तिकडं म्हणजे कुठं? जिन्यावर की जिन्याखाली?" तो क्षणभर विचार करून म्हणाला, "जिन्याखाली. पण दिसतंय थोडंसंच, अर्धं." मग एका पानावर बटण कुठेच सापडेना. आजी म्हणाल्या, "मला काही दिसत नाही, तूच नीट शोध." बऱ्याच वेळाने त्याला ते पानाच्या कोपऱ्यात, कावळ्याच्या चोचीत सापडले. तो कावळा मी तीनदा पुस्तक चाळूनही पाहिला नव्हता. त्या अर्ध्या तासात त्याने 'खाली', 'आड', 'कडेला', 'अर्धवट', 'तेवढ्यात' हे शब्द जितक्या वेळा वापरले तितके माझ्याशी बोलताना आठवड्यातही वापरत नसेल. आणि दुसऱ्या दिवशी तो तीच गोष्ट, मधली पाने न गाळता, बहिणीला सांगत होता.

यावरून एक गोष्ट ठामपणे सांगता येते. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही, किंवा जे मुलाच्या शाळेच्या भाषेत वाचू शकत नाहीत, त्यांनाही घरी मुलाच्या वाचनाला मदत करता येते. शब्दविरहित पुस्तक त्यासाठी उत्तम साधन आहे, आणि बोलायची भाषा घरात सर्वांत सहज येते तीच असावी. पुस्तिकेत या पुस्तकांना 'पूर्वतयारी' म्हणून दोन ओळींत निकालात काढले आहे. सात वर्षांची मुलगीही बटणाचे पुस्तक सोडायला तयार नव्हती, हे पाहता तो शेरा चुकीचा आहे.

नोंदतक्ता आणि चांदण्या घेऊच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. दर पुस्तकामागे एक चांदणी, दहा चांदण्यांना प्रमाणपत्र. दुसऱ्या महिन्यात मुलगी सर्वांत पातळ पुस्तके निवडून तीच ती पुन्हा वाचू लागली. पुन्हा वाचण्यात काहीच गैर नाही, उलट ओघ त्यानेच येतो, पण ती वाचत नव्हती, पाने उलटत होती. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ सालचा प्रयोग अनेकांना माहीत असेल. चित्रे काढायची आवड असलेल्या छोट्या मुलांपैकी ज्यांना "चित्र काढलेत तर बक्षीस" असे आधी सांगितले होते, ती नंतर मोकळ्या वेळात बाकीच्या मुलांच्या साधारण निम्मा वेळच चित्रांकडे वळली. तक्ता भिंतीवरून काढल्यावर आमच्याकडे तीन दिवस रुसवा चालला आणि मग विषय संपला. ज्या मुलाला वाचनाची मुळीच गोडी नाही त्याला सुरुवातीला आमिषाचा उपयोग होत असेलही, पण ती वेळ आमच्यावर आली नव्हती आणि पेटीने ती आमच्यावर आणली, ही माझी तक्रार आहे.

ध्वनिमुद्रणे चांगल्या आवाजात आहेत. निवेदक घाईत वाचत नाही, 'च' आणि 'ज' यांचे दोन्ही उच्चार जिथल्या तिथे करतो. प्रवासात किंवा स्वयंपाकाच्या वेळी ती उपयोगी पडतात. मात्र फोन मांडीवर घेऊन ती लावली की घरातल्या मोठ्या माणसाचे बोलणे थांबते, हे मी स्वतःवरच पाहिले. लहान मुले आणि त्यांचे पालक अशा ३७ जोड्यांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसले होते: छापील पुस्तकासोबत दोघेही जास्त बोलतात, पडद्यावरच्या पुस्तकासोबत कमी.

वाचून दाखवायची जाड पुस्तके या पेटीत सर्वांत काळजीपूर्वक निवडलेली आहेत. मूल स्वतः वाचू लागले की वाचून दाखवणे बंद करायचे, हा समज बऱ्याच घरांत आहे. आमच्याही घरात होता. पण सात वर्षांच्या मुलीला स्वतः वाचता येते ते 'मांजर विहिरीवर चढली' इतके, आणि ऐकून समजते ते त्याच्या कितीतरी पुढचे. ही दरी भरून येईपर्यंत तिला 'कठडा', 'हुरूप', 'दर्या' असे शब्द मिळणार ते कानांनीच. घरातल्या रोजच्या बोलण्यात 'हुरूप' हा शब्द मी शेवटचा कधी वापरला होता ते मला आठवत नाही. पुस्तकात तो सहाव्या पानावर होता.

सेवेबद्दल थोडक्यात. आठपैकी एक पेटी आलीच नाही, ती तक्रारीनंतर बारा दिवसांनी मिळाली. पायरी बदलून मागता येते, पण पुढच्या महिन्यापासून. पुस्तके परत घेत नाहीत. दोन मुलांसाठी एकच पेटी पुरेशी ठरते, हे त्यांच्या प्रतिनिधीने सांगितले नव्हते. आम्ही दोन मागवणार होतो.

ज्यांच्या जवळ बरे ग्रंथालय आहे आणि आठवड्यातून एकदा मुलाला तिथे नेऊन त्याला स्वतःचे पुस्तक निवडू देणे ज्यांना शक्य आहे, त्यांना या पेटीची गरज नाही. निवडण्याचा तो अधिकार पेटीत मिळतच नाही आणि ही तिची सुधारता न येणारी उणीव आहे. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी शब्दविरहित आणि वाचून दाखवायच्या पुस्तकांसाठी ती जरूर घ्यावी, पायरीचा क्रमांक अंदाजापुरता मानावा आणि पुस्तिकेचे ते एक पान फाडून समोर लावावे.

नववी पेटी मी मागवली आहे. नोंदतक्ता पाठवू नये असे मागणीत लिहिले होते, तरी तो आलाच. कागद जाड आहे आणि मागची बाजू कोरी. मुलीने तिथे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: 'आईने वाचायची पुस्तके'. त्यात 'पुस्तके'मधला 'स' पूर्ण काढला आहे. मी अजून काही बोललेले नाही.